साडेपाच ते सव्वासात

उत्तम भोजन हे मानवी संस्कृतीचं सर्वोच्च शिखर आहे, आणि माणसाला जे इतर कुठेही बोलता येत नाही ते चांगल्या जेवणाच्या टेबलावर आपोआप बोललं जातं, असं ऑल्विन ट्रेगीरचं ठाम मत होतं. मत बनून तीन दिवस झाले होते. दातांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघताना एका जुन्या मासिकात त्यानं ते वाचलं. लेखाचं पुढचं पान कुणीतरी फाडून नेलेलं असल्यामुळे तिथे ‘परंतु’ होतं की नाही, हे मात्र त्याला कळलं नाही.

त्याआधीची छत्तीस वर्षं त्याचं मत वेगळं होतं. ऑल्विन मेलबर्नच्या एका उपनगराच्या कौन्सिलात, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, अन्न-निरीक्षक होता. हॉटेलात मागच्या दारानं शिरायचं, फ्रिजमागची धूळ बोटावर घ्यायची, कोंबडीच्या पोटात थर्मामीटर खुपसायचा, फॉर्म भरायचा आणि मागच्याच दारानं बाहेर पडायचं, हे त्याचं काम. अशा माणसाला पुढच्या दारानं जेवायला जायची वासना उरत नाही. लग्नाचे सगळे वाढदिवस त्यानं आणि नोलीननं बोलिंग क्लबात साजरे केले, कारण तिथली तळणीची कढई ऑल्विनच्या ओळखीची होती. पस्तीस वाढदिवस, पस्तीस वेळा चिकन पार्मा, म्हणजे तळलेल्या कोंबडीवर चीज. नोलीननं कधी तक्रार केली नाही. त्यावरून तिची काही तक्रार नाही असं ऑल्विन धरून चालला. निरीक्षक मंडळी लेखी आल्याशिवाय तक्रार धरत नाहीत.

फेब्रुवारीत नोलीन म्हणाली, “व्हर्ना एकटी पडलीय. मी जाऊन राहीन म्हणते तिच्याकडे.” व्हर्ना ही तिची बहीण, टास्मानियात डेव्हनपोर्टला राहणारी, नुकतीच विधवा झालेली. किती दिवस राहणार हे नोलीननं सांगितलं नाही आणि ऑल्विननं विचारलं नाही. आठवड्याभरानं जहाजाचं तिकीट फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली आलं. ऑल्विननं ते सवयीनं वरपासून खालपर्यंत तपासलं. मे महिन्यातला दुसरा शनिवार. प्रवासी: एक. परतीची तारीख: या रकान्यात काही नव्हतं.

रिकाम्या रकान्याचा अर्थ काय होतो, हे शिकवण्यासाठी कौन्सिलनं त्याला एकदा दोन दिवसांच्या शिबिरालाही पाठवलं होतं.

त्याला जे बोलायचं होतं ते दोन शब्दांत मावत होतं. जाऊ नकोस. पण ते बोलायचं कुठे? स्वयंपाकघरात किटली शिट्टी घालते, बैठकीत बातम्या असतात, झोपायच्या खोलीत बोललेलं गंभीर वाटतं. आणि अशा मनःस्थितीत त्याला ते मासिक भेटलं.

पहिला सल्ला कुंपणापलीकडून आला. थानासिस हा निवृत्त फरशीवाला. चाळीस वर्षं शेजारी. टोमॅटोच्या वाळक्या वेली उपटता उपटता त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“बायको चाललीय आणि तू हॉटेल शोधतोयस? अरे गाढवा, आत जा आणि सांग तिला.”

“सांगायला जागा पाहिजे ना.”

“एवढं घर आहे ते काय भाड्यानं दिलंयस?”

“घरात नाही जमत, थानासिस.”

“माझी पण निघाली होती एकदा. मी दारात आडवा झोपलो.”

“मग?”

“ओलांडून गेली. पण आली परत. चष्मा विसरला होता.” थानासिसनं एक वेल उपटून बाजूला टाकली. “हॉटेलात जायचंच असेल तर आपली बाटली घेऊन जा. माझी देतो. गेल्या वर्षीची द्राक्षं होती, नीट उतरलीय. लोकांची दारू पिऊन कुणाची बायको थांबलीय का?”

दुसरा सल्ला ऑफिसात. शेजारच्या टेबलावर टेगन बसते, वय अठ्ठावीस. आपल्याला या शहरात घर घेता येणार नाही हे एकदा पक्कं कळल्यावर तिनं सगळा पगार जेवणावर उडवायला सुरुवात केली, आणि त्यामुळे नव्या हॉटेलांच्या बाबतीत तिच्याइतका अधिकारी माणूस अख्ख्या कौन्सिलात नव्हता.

“ग्रिसल,” ती म्हणाली. “दुसरीकडे जाऊच नकोस. दोन टोप्या मिळाल्यात त्यांना.”

मेलबर्नमध्ये चांगल्या हॉटेलांना मानाच्या टोप्या देतात. हॉटेलवाले त्या पुढे कुणाला घालतात, हे बिल आल्यावर कळतं. ग्रिसल म्हणजे मांसातला तो चिवट भाग, जो ऑल्विनची आई ताटातून काढून कुत्र्याला घालायची. अशा नावाच्या ठिकाणी माणसं जेवायला जातात हेच ऑल्विनला नवीन होतं. जायला सहा आठवडे थांबतात, हे त्याहून नवीन.

जागा दर महिन्याच्या एक तारखेला दुपारी बारा वाजता सुटायच्या. मार्चच्या एक तारखेला ऑल्विन बाराला पाच कमी असताना संगणकासमोर बसला, बारा वाजता त्यानं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि घरचा पत्ता पिनकोडसकट लिहीपर्यंत सगळं संपलं. “पत्ता कशाला लिहीत बसलास?” टेगननं कपाळावर हात मारला. “रकाना होता,” ऑल्विन म्हणाला.

एप्रिलच्या एक तारखेला टेगन मागे उभी राहिली आणि “पुढे, पुढे, पुढे!” करून ओरडत राहिली. तेव्हा कुठे एक जागा हाती लागली. मे महिन्यातला दुसरा गुरुवार, साडेपाच ते सव्वासात. सव्वासातला उठायचं, कारण साडेसातला दुसरी माणसं बसणार. पस्तीस वर्षांचं सगळं पावणेदोन तासांत उरकायचं होतं. पण सरकारी माणसाला मुदत दिली की बरं वाटतं. बोलायचं गुरुवारी, जहाज शनिवारी. मधला एक दिवस तिला तिकीट रद्द करायला.

शेवटच्या पानावर एक प्रश्न होता. येण्याचं निमित्त? वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मागणी, घटस्फोट, अन्य. आता, साधा माणूस असता तर त्यानं हा रकाना सोडून दिला असता. पण रकाना सोडणाऱ्यांना ऑल्विननं आयुष्यभर दंड केला होता. त्यानं ‘अन्य’वर खूण केली. मग ‘तपशील’ आला. सरकारी असो वा खासगी, फॉर्मवर खोटं लिहायचं नाही हे त्याचं तत्त्व. त्यानं लिहिलं: बायको टास्मानियाला जात आहे.

इथून पुढचे सहा आठवडे ऑल्विन घरात एक शब्द बोलला नाही. म्हणजे मीठ दे, दिवा घालव, एवढं बोलायचा. पण त्या विषयावर नाही. जे बोलायचं त्यासाठी रीतसर जागा राखून झाली होती. आता ते घरी बोलणं म्हणजे वेळेआधी बोलणं झालं असतं. एकदा नोलीन बॅग काढून पलंगावर उघडून बसली होती. तिनं विचारलं, “निळा कोट नेऊ का रे? तिथे थंडी असते. का राहू देऊ इथेच?” राहू दे, इथे लागेल, असं म्हणायची याहून सोपी संधी कुठल्या नवऱ्याला मिळाली नसेल. ऑल्विननं कॅलेंडरकडे पाहिलं. अजून अकरा दिवस होते.

“ने,” तो म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी दोघं ट्रेननं शहरात उतरली. नोलीननं निळा कोटच घातला होता. ऑल्विनच्या हातात थानासिसची बाटली होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

ग्रिसलला पाटी नव्हती. पाटी नसणं हाच तर सध्याचा थाट आहे. चांगल्या हॉटेलाला पाटी नसते, फार चांगल्याला दारही सापडत नाही, आणि अगदी वरच्या वर्गातल्या हॉटेलात पोचलेला माणूस आजवर कुणाला भेटलेला नाही. गल्लीत दोन काळी दारं होती, दोन्ही बंद. नोलीन म्हणाली, “डावीकडचं असेल. बाहेर कुंडी ठेवलीय.” ऑल्विननं उजवीकडे पाहिलं. तिथे तेलाची पिंपं होती, झाकणं नीट लावलेली. ओळखीचं काही दिसलं की माणूस तिकडे वळतो. त्यानं उजवं दार ढकललं आणि दोघं थेट भांडी घासायच्या जागी उभी राहिली.

“डिलिव्हरी का?” एका ओल्या हाताच्या माणसानं बाटलीकडे बघत विचारलं.

“जेवायला आलोय,” ऑल्विन शक्य तितक्या मानानं म्हणाला.

ताटांच्या चळतींमधून, पायरीला जपून, दोघांना पुढच्या बाजूला नेण्यात आलं. तिथे ओटिस नावाच्या मिशीवाल्या वेटरनं त्यांचा ताबा घेतला. त्यानं यादीत बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला.

“अच्छा! म्हणजे जाणाऱ्या त्या तुम्हीच! अभिनंदन!”

नोलीननं ओटिसकडे पाहिलं. मग ऑल्विनकडे.

“तू यांना सांगितलंस?”

“फॉर्मवर रकाना होता.”

“म्हणजे फॉर्मला सांगितलंस,” ती म्हणाली, आणि कोट काढून ओटिसच्या हातात दिला.

बाटली ओटिसनं दोन बोटांत धरली आणि आपल्याकडे बाहेरचं चालत नाही असं हळू आवाजात, दुःखद बातमी द्यावी तसं सांगितलं. बाटली कोटांच्या खोलीत गेली.

टेबल असं नव्हतंच. होता तो एक लांब ओटा, समोर उघडं स्वयंपाकघर, आणि उंच स्टुलांवर ओळीनं बसलेली माणसं. इथे बसणं हा मान आहे असं टेगननं सांगितलं होतं. पण तिथे बसल्यावर बायकोचा चेहरा दिसत नाही, फक्त एक कान दिसतो, हे तिनं सांगितलं नव्हतं. त्यात वर छत पत्र्याचं, खाली जमीन सिमेंटची, गाणी लावलेली, आणि मागे साठएक माणसं एकमेकांना ऐकू जावं म्हणून ओरडत होती. किटलीची शिट्टी परवडली असती.

ऑल्विननं घसा खाकरला. “नोलीन, मला तुला—”

“मंडळी, आधी कधी आलायत का आमच्याकडे?” ओटिस दोघांच्या मधून डोकं घालून म्हणाला. “नाही ना? मग मी आमची पद्धत समजावून सांगतो.”

“जेवायचंच असतं ना?” नोलीननं विचारलं.

पद्धत समजावून सांगायला सहा मिनिटं लागली. सारांश असा की लहान बशा येतील, कुठली कधी येईल ते स्वयंपाकघर ठरवील आणि सगळं वाटून खायचं. मग पहिली बशी आली. राखेत भाजलेला कांदा, त्यावर हिरव्या मुंग्या. छत्तीस वर्षं ऑल्विननं अन्नात मुंग्या सापडल्या म्हणून दुकानं बंद केली होती. इथे त्या मोजून घातल्या होत्या.

“नोलीन, शनिवारचं—”

“या मुंग्या उत्तरेकडून येतात,” ओटिस म्हणाला. “चावल्यावर लिंबासारख्या लागतात.”

दुसऱ्या बशीत तीन शिंपले होते. माणसं दोन, शिंपले तीन. हा हिशोब कुठल्या शाळेत शिकवतात ते शोधून काढलं पाहिजे. एकेक खाल्ल्यावर तिसरा मधे राहिला. “तू घे,” ऑल्विन म्हणाला. “नको, तू घे,” नोलीन म्हणाली. “नको, तुला आवडतात.” “मला कधी आवडायला लागले?” शिंपला थंड झाला. ओटिस आला आणि घेऊन गेला.

इतक्यात समोरच्या शेगडीवरचा एक तरुण आचारी ओट्यावर वाकला. “टास्मानियाला चाललाय ना तुम्ही? मी तिकडचाच, लॉन्सेस्टनचा! एकदा गेलात ना, परत यायचं नाव काढणार नाही. माझी आई आठवड्यासाठी म्हणून गेली होती मावशीकडे.”

“मग?” नोलीननं विचारलं.

“अकरा वर्षं झाली.”

नोलीन हसली. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा हसली, आणि खरं सांगायचं तर त्या वर्षात. मग ती पुढे वाकून त्या पोराशी बोलू लागली. पाऊस फार असतो का? बसची सोय कशी काय? आणि एक खोली भाड्यानं घ्यायची म्हटली तर? बाकीचा गोंगाट एवढा असूनही ऑल्विनला हे शेवटचं नीट ऐकू आलं. बहिणीच्या घरी थोडे दिवस राहायला जाणारं माणूस भाड्याची चौकशी करत नाही.

सात वाजायला दहा कमी. त्यानं नोलीनच्या कानाकडे तोंड नेलं. “ऐक ना—” पण कान पलीकडे वळलेला होता.

आणि तेव्हाच वॉलबीच्या, म्हणजे छोट्या कांगारूच्या, मांसाचं भांडं आलं. ही या हॉटेलची मुख्य बशी. हिच्यासाठीच दोन टोप्या. ऑल्विननं बसल्यापासून, मनात नसताना, त्या पातेल्यावर नजर ठेवली होती. पातेलं शेगडीवरून उतरवून चाळीस मिनिटं झाली होती. शिजलेलं मांस साठ अंशांच्या खाली ठेवायचं नसतं. त्यानं त्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. आज नाही. आज आपण पुढच्या दाराचे लोक. असं ठरवत असतानाच त्याचा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला, थर्मामीटर बाहेर आला, आणि त्याची सुई मांसात गेली. आपण काय करतोय हे त्याला सुई आत गेल्यावर कळलं.

लॉन्सेस्टनच्या पोरानं ते आधी पाहिलं. त्याच्या हातातला चमचा थांबला. त्याच्या बाजूच्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग थर्मामीटरकडे. कुणीतरी गाणी बंद केली. ओट्यावरची माणसं वळून बघू लागली. मागचे लोक, पुढे काय झालं म्हणून, गप्प झाले. अर्ध्या मिनिटात त्या पत्र्याच्या छताखाली अशी शांतता पसरली की शेगडीचा फुरफुर आवाज ऐकू यावा. नोलीन वळली. सबंध संध्याकाळभरात पहिल्यांदा तिचा चेहरा पुरा समोर आला.

आता किंवा कधीच नाही, हे ऑल्विनलाही कळलं.

“नोलीन,” तो म्हणाला, “जाऊ नकोस.”

ते सगळ्यांना ऐकू गेलं. ओटिस रिकामी बशी घेऊन निघाला होता, तो जागच्या जागी थांबला. नोलीननं काटा खाली ठेवला. तिचे ओठ हलले. ती काहीतरी बोलणार होती, याबद्दल त्या ओट्यावर बसलेल्या कुणालाही शंका नव्हती.

“सर,” ओट्यापलीकडून आवाज आला. मुख्य शेफ, हातभर गोंदवलेला, टॉवेलला हात पुसत समोर उभा होता. “आपण कौन्सिलकडून का?”

इथे दुसरा कुणी असता तर त्यानं एक मिनिट थांबा म्हटलं असतं. पण अधिकाऱ्याला त्याचा हुद्दा विचारला की त्यानं उत्तर द्यायचं असतं, असा नियम आहे. ऑल्विन वळला. “कौन्सिलकडून आहे, पण तुमच्या नाही,” तो म्हणाला. “ही माझी हद्द नव्हे. शहराची कौन्सिल वेगळी.”

“म्हणजे ही तपासणी नाही?”

“नाही. अनौपचारिक आहे.”

“किती आलं?”

“अठ्ठावन्न.”

“पण आम्ही लगेच वाढतो, सर. दोन तासांच्या आत वाढलं तर चालतं, असा नियम आहे ना?”

“दोन तासांचा नियम आहे, पण त्याची नोंद ठेवावी लागते. वेळ लिहिलीय कुठे पातेल्यावर?”

वेळ लिहिलेली नव्हती. मग ती कशी लिहावी, चिकटपट्टीवर लिहिली तरी चालते, फक्त शाई पुसली जाणारी नको, हे ऑल्विननं समजावून सांगितलं. शेफनं दोन प्रश्न विचारले, आणि ते चांगले प्रश्न होते. त्या दिवसांत ऑल्विनचं बोलणं एवढं लक्ष देऊन कुणीच ऐकलं नव्हतं. चार-पाच मिनिटं गेली असतील. मागे गाणी पुन्हा सुरू झाली.

तो वळला तेव्हा नोलीन स्टुलावर नव्हती. ती दाराशी निळ्या कोटाची बटणं लावत उभी होती. तिच्या बगलेत थानासिसची बाटली होती.

“मंडळी, सव्वासात होतायत,” ओटिस हळूच म्हणाला. “घाई अजिबात नाही. पण पुढची मंडळी आलीयत.” मग त्यानं एक बशी पुढे केली. वेळेत द्यायची राहून गेलेली, हॉटेलकडून भेट. बशीभर चॉकलेटनं वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: ‘सुखाचा प्रवास, नोलीन!’ ऑल्विननं ती अक्षरं उभ्यानंच खाल्ली. टाकून द्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

परतीच्या गाडीत दोघं शेजारी बसली. दोन स्टेशनं गेली.

“तू काहीतरी बोलणार होतीस,” ऑल्विन म्हणाला.

“हो.”

“काय?”

नोलीन खिडकीबाहेर बघत होती. बाहेर अंधार होता, त्यामुळे ती बहुधा काचेतल्या ऑल्विनकडेच बघत असावी.

“मी एवढंच म्हणणार होते,” ती म्हणाली, “की पुन्हा एकदा म्हण.”

पॅस्को व्हेल, त्यांचं स्टेशन, आलं. दारं उघडली आणि दोघं उतरली. घराच्या फाटकापाशी थानासिस उभा होता, कुत्र्याला फिरवायचं निमित्त करून. त्यानं ऑल्विनकडे भुवया उंचावून पाहिलं, मग नोलीनच्या बगलेतल्या न फोडलेल्या बाटलीकडे पाहिलं, आणि कुत्र्यालाच म्हणाला, “चल बाबा, आपण घरी जाऊ.”

शुक्रवारी ऑल्विन कामावर गेला. टेगननं विचारलं, “कसं काय झालं मग?” तो म्हणाला, “अठ्ठावन्न अंश.”

शनिवारी तो नोलीनला मोटारीनं जिलाँगच्या धक्क्यावर घेऊन गेला. वाटेत गर्दी लागली नाही, त्यामुळे धक्क्याची दारं उघडायच्या चाळीस मिनिटं आधीच ते पोचले. गाड्या लावायच्या मैदानात त्यांची एकच गाडी होती. त्यानं इंजिन बंद केलं. रेडिओ बंद होता, काचा वर होत्या, आणि कुणीही काही समजावून सांगायला आलं नाही. मागच्या सीटवर बॅग होती, समोर जहाज होतं.

“वारा आहे आज,” बऱ्याच वेळानं ऑल्विन म्हणाला.

“हो,” नोलीन म्हणाली.

जहाज पावणेसातला सुटलं.